नाही म्हणायची शिकवणी

बू रुमिनीच्या, म्हणजे रुमिनीबाईंच्या, तोंडाला पारे गावात सगळे टरकून असत. शेंगदाणे खवट निघाले की ती बाजारातल्या व्यापाऱ्याला असं फैलावर घ्यायची, की तो बिचारा वरून मूठभर जास्त टाकून तिला वाटेला लावायचा. गॅसची टाकी उशिरा आणणारा, दारात सायकली आडव्या लावणारी पोरं, शेजारणीच्या कोंबड्या, कुणाची म्हणून सुटका नव्हती. पण समोर मोठं माणूस आलं, मग ते वयानं मोठं असो, मानानं असो, नाहीतर नुसतं इस्त्रीच्या कपड्यांनी असो, की हीच बाई मान खाली घालायची, अदबीनं अंगठा पुढे करून बसायची जागा दाखवायची, आणि ते माणूस काहीही बोललं तरी दर वाक्याला म्हणायची, "इंग्गिह."

इंग्गिह म्हणजे हो. म्हणजे, आपलं म्हणायचं हो. मोठं माणूस बोलतंय आणि आपण गप्प, हे बरं दिसतं का? त्याला वाटेल भिंतीशी बोलतोय. म्हणून मध्ये मध्ये इंग्गिह. पटलं तरी इंग्गिह, नाही पटलं तरी इंग्गिह. गावच्या मुखियानं एकदा तिच्या अंगणातला फणस मागितला, तेव्हा ती इंग्गिह म्हणाली आणि फणस काही दिला नाही. मुखियालाही त्यात वावगं वाटलं नाही. फणस मिळणार नाही हे त्याला तिच्या सुरावरूनच कळलं होतं.

आता हे हाँगकाँगच्या लाऊबाईंना कुठून कळणार?

लाऊबाई म्हणजे मुर्नीची मालकीण. मुर्नी ही रुमिनीची एकुलती एक लेक. नवरा खाणीवर कामाला म्हणून बोर्निओला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा पोटची पोर आईच्या पदरात टाकून मुर्नी हाँगकाँगला घरकामाला गेली. ती पोर म्हणजे लारास. तेव्हा दुपट्यात होती, आता शाळेत जाते. मधल्या सगळ्या वर्षांत मुर्नी एकदा काय ती येऊन गेली. या ईदला मात्र करार संपणार होता आणि ती कायमची घरी येणार होती. रुमिनीनं हे अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

रुमिनीचं दुकान म्हणजे दारापुढचं एक लांब टेबल आणि दोन बाकडी. भात, त्यावर उकडलेला पाला, त्यावर शेंगदाण्याची तिखट चटणी, आणि बाजूला कुरकुरीत पापडासारखा एक तुकडा. गिऱ्हाईक सगळं विद्यार्थ्यांचं. या गावात घरटी एक इंग्रजीचा वर्ग आहे म्हटलं तरी चालेल. पोरं कुठून कुठून येतात, वसतिगृहात राहतात, आणि तिथं इंग्रजीखेरीज दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही असा दंडक असतो. चुकून आपली भाषा बोललं की तोंडाला पांढरी पावडर फासून दुपारपर्यंत तसंच हिंडायचं. त्यामुळे सकाळी जेवायला येणारी निम्मी पोरं भुतासारखी दिसायची. त्यांना वाढता वाढता रुमिनीलाही दोन-चार शब्द चिकटले होते. अंडं, तिखट, बस बस, आणखी?

तर झालं काय, सोमवारी ऐन गर्दीच्या वेळी मुर्नीच्या नंबरावरून फोन आला, आणि पडद्यावर मुर्नीऐवजी लाऊबाई. पांढरे केस, गळ्यात मोत्यांची माळ. रुमिनीनं घाईघाईनं हात पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट केला. लाऊबाई सावकाश, गोड इंग्रजीत बोलू लागल्या. रुमिनीला त्यातलं मुर्नी तेवढं कळलं, आणि 'गुड' कळलं. बाई थांबल्या की रुमिनी म्हणायची, "येस, मॅडम." पुन्हा थांबल्या, "येस, येस." पांढऱ्या तोंडाची पोरं खाणं सोडून बघत होती. एकानं अंगठा वर करून शाबासकीसुद्धा दिली. रुमिनीला कोण अभिमान वाटला! फोन संपल्यावर तिनं त्या पोराला अंडं फुकट वाढलं.

संध्याकाळी मुर्नीचा आवाज फोनवर आला, बोलून ठेवलेला. "आई, तुम्ही मॅडमना हो म्हणालात, त्यांना फार बरं वाटलं. म्हणजे आणखी दोन वर्षं आता. शुक्रवारी सही करायची आहे. लारासला माझा पापा."

रुमिनीनं ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मग मटकन बाकड्यावर बसली आणि लगेच उठली. तिला बसवेचना. चूल पेटवली, विझवली. शेंगदाणे भाजायला टाकले आणि करपवले. शेवटी मुर्नीला उलट सांगितलं, "अगं, मी हो कुठं म्हणाले? मी ऐकत होते नुसती! तू सांग त्यांना." मुर्नीचं उत्तर आलं ते असं: "मी कशी सांगू, आई? तुमचा शब्द मी कसा फिरवू? काय तोंड दाखवू त्यांना? तुम्ही हो म्हणालात, आता नाही म्हणायचं तर तुम्हीच म्हणा."

मंगळवारी मिस इफ्फा जेवायला आली तेव्हा रुमिनीनं तिला हाताला धरून आत नेलं. इफ्फा जवळच्या वर्गात शिकवायची. रोजच्या वापरातले साधे साधे शब्द, कुठला कुठं वापरायचा, कुठं नाही, हा तिचा तास. तिची पोरं पहाटे रुमिनीच्या बाकड्यावर बसून घोकंपट्टी करायची. मुलगी लहान होती पण खमकी होती, मादुरा बेटावरची. तिकडची माणसं बोलायला रोखठोक.

"बू, तुम्ही किती वेळा येस म्हणालात?" तिनं विचारलं.

"मोजलं का मी? त्या जेवढ्या वेळा थांबल्या तेवढ्या वेळा म्हणाले."

"अरे देवा!"

"म्हणजे काय गं? ऐकतेय एवढंच ना?"

"नाही हो! त्यांच्यात येस म्हटलं की संपलं. कबूल, मंजूर, ठरलं. त्यांनी विचारलं असेल, मुर्नीला ठेवून घेऊ का? येस. आणखी दोन वर्षं? येस. तुमची हरकत नाही ना? येस."

रुमिनीनं कपाळावर हात मारला. "अशी कसली भाषा बाई ही! ऐकायची सोयच नाही!"

"सोय आहे, दुसरे शब्द आहेत. पण आता ते राहू द्या. आता तुम्हाला एकच शब्द शिकायचाय. गुरुवारी सकाळी फोन लावू. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तुम्ही. मी बोलले तर त्यांना वाटेल शेजारीण पढवतेय."

आणि शिकवणी सुरू झाली. इफ्फानं डोक्यावरची ओढणी सोडून मोत्यांच्या माळेसारखी गळ्यात गुंडाळली आणि लाऊबाई होऊन खुर्चीत बसली. "मुर्नीला मी ठेवून घेऊ का?"

"इंग्गिह," रुमिनी म्हणाली.

"बू!"

"तोंडातून गेलं गं. पुन्हा विचार."

"मुर्नीला ठेवून घेऊ का?"

"नॉट येट."

"अजून नाही म्हणजे पुढं कधीतरी ठेवा असं झालं! माझ्या अख्ख्या वर्गाची हीच खोड आहे. चंद्रावर जाऊन आलास का विचारलं तरी अजून नाही म्हणतात. पुन्हा. ठेवून घेऊ का?"

"सॉरी, मॅडम."

"त्यांना कळेल का त्यातून काही? पुन्हा."

"मेबी..." एवढं म्हणून रुमिनी स्वतःच चिडली. दाराआड हसणाऱ्या लारासला तिनं दटावलं, "शाळेला जा तू! इथं काय तमाशा आहे?"

"कमाल आहे तुमची," इफ्फा म्हणाली. "त्या गॅसवाल्याला काल काय काय बोललात! अख्खी गल्ली ऐकत होती. त्याच्या सात पिढ्या काढल्यात. आणि एक 'नो' म्हणवत नाही?"

"तो आपला गॅसवाला आहे. शिव्या आपल्या माणसाला देतात," रुमिनी म्हणाली. "नाही कुणाला म्हणतात गं? नाही म्हटलं की पुढं काही उरतच नाही."

पण इफ्फा सोडणारी नव्हती.

ते दोन दिवस रुमिनीची नुसती घालमेल झाली. भातात मीठ दोनदा पडलं. पोरांनी तक्रार केली तर म्हणाली, "नो!" पोरांना वाटलं बू इंग्रजीत रागावल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती कोंबड्यांना नो म्हणाली, भोंगा वाजवत जाणाऱ्या पाववाल्याला नो म्हणाली. मुखियाची बायको लग्नाकरता मोठं पातेलं मागायला आली तेव्हा रुमिनीनं डोळे घट्ट मिटून तिलाही नो म्हणून पाहिलं. मुखियाची बायको खो खो हसली, म्हणाली, "वा, बू, म्हातारपणी शिकताय!" आणि पातेलं घेऊन गेली.

"असलं कसलं मेलं शिक्षण," रुमिनी स्वतःशी पुटपुटली. पण थांबली नाही. एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती. लारास रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "आई कधी येणार?" आणि रुमिनी सांगायची, "ईदला." बुधवारीही पोरीनं विचारलं. रुमिनी पाठमोरीच राहिली, पाला निवडत राहिली आणि म्हणाली, "ईदला, ईदला. किती वेळा सांगू?" तिचा आवाज चढला होता, आणि त्याचं तिचं तिलाच वाईट वाटलं.

गुरुवारी गर्दी ओसरल्यावर इफ्फा आली. शाळेला सुट्टी होती, लारास दारात चिंचोके खेळत होती. रुमिनी नवा रुमाल बांधून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून सज्ज बसली होती. सज्ज कसली, सारखी उठत होती.

"बसा हो, बू."

"बसतेय ना! तू लाव."

फोन मुर्नीनं उचलला, आईचा चेहरा पाहिला, आणि काही न बोलता मालकिणीकडे दिला. लाऊबाई हसल्या, गोड काहीतरी बोलल्या. पहिल्या थांब्याला रुमिनीच्या ओठांवर येस आलंच होतं. ते तिनं गिळलं. तिचे कान तापले. आपल्यापेक्षा मोठं माणूस समोर बोलतंय आणि आपण दगडासारखे बसलोय, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. बाई थांबल्या. वाट पाहू लागल्या.

"नो, मॅडम," रुमिनी म्हणाली.

लाऊबाईंनी कानाला हात लावला.

"नो!" रुमिनी ओरडलीच. "नो, मॅडम. मुर्नी कम होम. चाइल्ड वेट. मुर्नी होम." आणि टेबलाची कड घट्ट धरून बसली, आता आभाळ कोसळणार अशा तयारीनं.

काही कोसळलं नाही. लाऊबाई रागावल्या नाहीत. उलट चष्मा काढून जवळ आल्या आणि बरंच काही बोलल्या. त्यात हाताच्या खुणा होत्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवणं होतं, आणि एकदा मागे, जिथं मुर्नी असेल तिकडे, बोट दाखवणं होतं. रुमिनीला एक अक्षर कळलं नाही. तिनं इफ्फाकडे पाहिलं. इफ्फाचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणताहेत? बोल ना!"

"बू..." इफ्फा चाचरली. ही मुलगी कधी चाचरत नसे. "त्या म्हणताहेत, बरं झालं तुम्ही स्पष्ट बोललात. त्यांनी मुर्नीला सांगितलं होतं, तू घरी जा, तुझं मूल लहान आहे. त्यांचा भाऊ त्यांना आपल्याकडे नेणार होता. मुर्नीच म्हणाली, मला राहू द्या. त्यांना पटेना, तेव्हा म्हणाली, माझ्या आईला विचारा. आई हो म्हणाली तर ठेवाल ना?"

रुमिनीनं फोन उचलला, अगदी नाकाजवळ धरला.

"मुर्नीला दे म्हणावं."

ते सांगायला इंग्रजी लागलं नाही. लाऊबाई गेल्या, मुर्नी आली. मागं मोरीतली बादली दिसत होती. तिनं दार लावून घेतलं असावं.

"माझ्या तोंडून वदवलंस होय?" रुमिनी म्हणाली. "माझ्या 'हो'ची तू पायरी केलीस? तुला ठाऊक होतं मी मोठ्या माणसापुढं नाही म्हणत नाही."

"ठाऊक होतं, आई."

"लाज नाही वाटली?"

"वाटली." मुर्नी खाली बघत होती. "मला तिथं यायची भीती वाटते. मागं आले होते तेव्हा लारास तुमच्यामागे लपली. मला मावशी म्हणाली. मी खाऊ पुढं केला तर आधी तुमच्या तोंडाकडे बघितलं, घेऊ का म्हणून. आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, तुम्ही कधी जाणार? आई, मी इथं रोज तिचे फोटो बघते. फोटोतली पोर माझी आहे. तिथली तुमची आहे."

"ते काही नाही. ईदला येतेस."

"इंग्गिह, आई."

पन्नास-पंचावन्न वर्षं हेच इंग्गिह रुमिनीनं जगाला दिलं होतं. त्याचं वजन तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एरवी तिनं ते घेतलं असतं आणि फोन ठेवला असता. दोघी सुटल्या असत्या.

"असलं हो मला देऊ नको," ती म्हणाली. "हे माझंच आहे, मी ओळखते. ऐकलंस म्हणून म्हणालीस की येतेस म्हणून?"

मोरीत नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता. इफ्फा उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

"नाही, आई," मुर्नी म्हणाली. "मी नाही येत."

रुमिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिला काय झोंबलं ते तिचं तिलाच नीट कळेना. लेक येत नाही ते, की आपल्याला एका शब्दाकरता दोन दिवस मरमर करावी लागली आणि ही एका दमात म्हणून मोकळी झाली ते?

"मग हे तुझं तूच तिला सांग," ती म्हणाली. "तुझी पोर मी वाढवली, तुझं 'नाही' मी नाही वाहणार. रोज दारात उभी राहून विचारते ती मला. मी खोटं बोलते. बास झालं. लारास! इकडे ये. आईशी बोल."

लारासनं चिंचोके फ्रॉकच्या खिशात घातले, हात पुसले, आणि शाळेत बाईंपुढं उभी राहते तशी ताठ उभी राहिली. रुमिनीनं फोन तिच्या हातात दिला.

मुर्नी बोलू लागली. आवाज अगदी मऊ केला होता तिनं. आईला इथं अजून काम आहे. म्हाताऱ्या मॅडमना कोणी नाही. (खोटं, रुमिनीच्या मनात आलं, भाऊ आहे की!) दोनच वर्षं, बघता बघता जातील. तू शहाणी आहेस ना? आजीला त्रास देत नाहीस ना?

"इंग्गिह," लारास म्हणाली.

मोठी सायकल पाठवते, घंटी असलेली.

"इंग्गिह."

मग रडायचं नाही हं.

"इंग्गिह, आई."

मान खाली, हात पोटाशी, आवाज कसा गोड. रुमिनी बघत होती. कुणी शिकवलं हे एवढ्याशा जिवाला? कुठल्या वर्गात गेली होती ही? इथंच, या टेबलापाशी, आजीच्या पाठीमागं उभं राहून शिकली.

ती गुडघ्यांवर खाली बसली. पोरीची हनुवटी धरून वर केली.

"लारास, तुला चालेल का आई नाही आली तर?"

लारासनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. कुठलं उत्तर बरोबर ते शोधत होती.

"माझ्याकडे बघू नको. मला काय आवडेल ते नको सांगू. नसेल चालत तर नाही म्हण. आईला म्हण, मोठ्यानं म्हण. कुणी रागावणार नाही. मी आहे ना."

"नाही," पोर इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या कोंबडीलाही ऐकू गेलं नसतं. मग म्हणाली, "नाही." आणि मग तिचं तोंड फुटलं. "नाही! सायकल नको! नाही चालणार! ईदला येते म्हणाली होतीस, आई! मी सगळ्यांना सांगितलंय! नाही, नाही, नाही!" तिनं जमिनीवर बसकण मारली, पाय आपटले, चिंचोके खिशातून घरंगळले. आजवर ही पोर अशी कधी रडली नव्हती. पोर किती गुणी म्हणून गल्लीत तिचं नाव होतं.

मिस इफ्फा दारातून आत डोकावली. रुमिनीनं तिला हातानंच थांबवलं. फोन जमिनीवर उताणा पडला होता, त्यात मुर्नीच्या चेहऱ्याचा अर्धा भाग दिसत होता, आणि तिच्या मागून लाऊबाईंचा आवाज येत होता, काय झालं, कोण रडतंय, असं काहीतरी विचारणारा.

रुमिनीनं फोन उचलला. बंद करायला तिचा अंगठा पुढे गेला.

"ठेवू नका, आई," मुर्नी म्हणाली. "पाया पडते, ठेवू नका. रडू दे तिला. मला ऐकायचंय."

रुमिनीनं फोन लारासच्या जवळ जमिनीवर ठेवला आणि तिथंच बसून राहिली.